भिशीचे २५ हजार आणि पोराची इलेक्ट्रिक गिटार

पत्र: दादा, आम्ही खानापूर तालुक्यातले, जांबोटीच्या बाजूचे. मुलगा बेळगावात पीयूसी सेकंड इयरला, म्हणजे बारावीला आहे. दोन वर्षं झाली साधी गिटार वाजवतो, आता चौघा पोरांनी मिळून बँड केलाय आणि यंदा गणपतीत दोन-तीन मंडळांनी बोलावलंय. म्हणून इलेक्ट्रिक गिटार पाहिजे म्हणतो. मोबाईलवर दाखवली ती टोकदार आकाराची, खाली हलणारा दांडा असलेली, तीस हजाराच्या वरची. इकडं दुकानदार म्हणतो आठ हजारात गिटार, स्पीकर, बॅग, वायर सगळं देतो. मी शिलाईकाम करते, माझ्याकडं भिशीचे २५ हजार आलेत, त्याच्यावर एक रुपया नाही. आहे त्या गिटारलाच वायर लावून चालत नाही काय? यामाहा घ्या म्हणतात काहीजण, ती गाडीवालीच कंपनी काय? आणि हे घरात वाजायला लागलं की शेजारी भांडायला येतील ही भीती वेगळीच. — एक आई

उत्तर:

ताई, २५ हजारात काम होतं. ओढूनताणून नाही, चांगलं होतं. फक्त ते सगळे पैसे गिटारीवर घालायचे नाहीत, आणि तो दांडावाला टोकदार प्रकार या पैशात घ्यायचा नाही, पोरगं दोन दिवस रुसलं तरी चालेल. का ते सांगतो, त्यालाही शेजारी बसवून वाचून दाखवा, कारण निम्मं त्याच्यासाठीच लिहिलंय.

आधी तुमचा साध्या गिटारीचा प्रश्न, कारण तो रास्त आहे. साध्या गिटारला पिकअप, म्हंजे तारांचा आवाज पकडून वायरीत सोडणारा भाग, बसवता येतो, हजार-दोन हजारात, आणि एखादं भावगीत किंवा भजनाला साथ करायची तर तेवढं पुरे. पण बँडमध्ये मागं ड्रम, शेजारी कीबोर्ड, समोर मंडळाचे मोठे स्पीकर, अशा ठिकाणी साधी गिटार टिकत नाही, कारण ती आतून पोकळ असते, स्पीकरचा आवाज तिच्या पोटात शिरतो, तो परत पिकअपमधून स्पीकरला जातो आणि मग ते कुंईं करून कानठळ्या बसवणारं ओरडणं चालू होतं, साउंडवाला धावत येऊन तिचा आवाज पार खाली करतो आणि तुमचा मुलगा पुढचा तासभर नुसता हात हलवत उभा. इलेक्ट्रिक गिटार बहुतेक भरीव लाकडाची असते, तिच्यात लोहचुंबकावर गुंडाळलेली तांब्याची बारीक तार असते, वरची स्टीलची तार हलली की त्यात करंट तयार होतो आणि तोच पुढं जातो. पेटीसारखी पोकळी नाही म्हणून ती सहजासहजी ओरडत नाही. तेव्हा त्याची मागणी हट्टाची नाही, कामाची आहे. जुनी गिटार मात्र विकू नका, विकून फार येणार नाही, आणि घरी सरावाला, नवीन गाणं बसवायला तिच्यासारखी सोय नाही.

आता तो आठ हजाराचा सेट. दुकानदार फसवतोय असं मी म्हणणार नाही, घरात शिकायला लागलेल्या लहान पोराला तो चालतो. पण मंडळाच्या स्टेजवर नाही. त्या किमतीत पहिल्यांदा काटकसर होते ती कानांमध्ये, म्हंजे तारा पिळायच्या खुंट्यांमध्ये, आणि वायर खोचायच्या जॅकमध्ये. खुंटी सैल असली की तार ताणून वाजवली की सूर उतरला, परत पिळा, परत उतरला. सोबतचा स्पीकर बहुतेक दहा वॉटचा असतो, खोलीत तो भरपूर वाटतो आणि खऱ्या ड्रमच्या शेजारी ठेवला की ऐकायलाच येत नाही. म्हणजे सहा महिन्यांत दुसरी गिटार आणि दुसरा स्पीकर, आठ हजार गेले ते गेलेच.

आणि पोराची ती टोकदार गिटार. हे जरा सविस्तर लिहितो. त्या हलणाऱ्या दांड्याच्या प्रकाराला फ्लॉइड रोज म्हणतात, चांगल्या कंपनीचा असला तर सुंदर चीज आहे, सूर घट्ट धरून ठेवते, दांडा दाबून तारा पार सैल केल्या तरी परत जागेवर येते. ते कसं चालतं बघा, एका बाजूनं सहा तारांची ओढ आणि गिटारीच्या पाठीत बसवलेल्या स्प्रिंगांची ओढ दुसऱ्या बाजूनं, दोन्ही सारख्या झाल्या की ब्रिज, म्हंजे तारा खाली जिथं अडकवतात तो धातूचा भाग, मधोमध तरंगत राहतो. आता एक तार तुटली. एका बाजूची ओढ कमी झाली, स्प्रिंगांनी ब्रिज मागं ओढला, उरलेल्या पाचही तारा चढल्या, सगळी गिटार बेसूर. गणपतीच्या स्टेजवर, समोर दोनशे माणसं बसलेली, दुसरी गिटार जवळ नाही, तिथं हे झालं की कार्यक्रम थांबला. तार बदलायला पान्हा लागतो, वेळ लागतो, आणि स्वस्तातल्या नकलेत जिथं ब्रिज टेकतो ती धातूची धार मऊ असते, ती झिजली की सूर परत जागेवर येतच नाही.

दुसरं कारण आपल्याकडच्या गाण्याचं आहे. मंडळात गाणारा कधी काळी एकमध्ये गातो, कधी म्हणतो आज घसा बसलाय, अर्धी पट्टी खाली घ्या. कीबोर्डवाला एक बटण दाबतो, झालं. गिटारवाल्याला वर जायचं असेल तर कॅपो, म्हंजे तारांवर आवळायचा चिमटा, लावता येतो, खाली जायचं तर तारा उतरवाव्या लागतात. पक्क्या ब्रिजच्या गिटारीत हे दोन-तीन मिनिटांचं काम आहे. तरंगत्या ब्रिजमध्ये एक तार उतरवली की बाकीच्या चढतात, त्या उतरवल्या की पहिली चढते, असं चालूच राहतं. जे पोर गणपतीत मराठी, राज्योत्सवाला कन्नड आणि लग्नात हिंदी वाजवणार आहे, त्याला रोज नव्या गायकाबरोबर जुळवून घ्यायला लागतं, त्याला पक्का ब्रिजच पाहिजे. दुकानात 'फिक्स ब्रिज' किंवा 'हार्डटेल' म्हणून विचारा.

पक्का नाहीच मिळाला आणि साधा स्प्रिंगचा ट्रेमोलो, म्हंजे दांडावाल्या ब्रिजचाच साधा प्रकार, असलेली चांगली गिटार हाताला लागली तर सोडू नका. त्याच्या पाठीची प्लॅस्टिकची पट्टी काढून आतले स्क्रू आवळले आणि एक-दोन स्प्रिंगा जादा लावल्या की ब्रिज लाकडाला घट्ट टेकून बसतो आणि जवळपास फिक्ससारखाच वागतो. मोठा खर्च नाही याला.

पिकअपचं बघायला लागतं. दोन प्रकार येतात, एका वेटोळ्याचा सिंगल कॉइल आणि दोन वेटोळ्यांचा हंबकर. सिंगल कॉइलचा आवाज स्वच्छ, काचेसारखा, मला स्वतःला फार आवडतो, पण आजूबाजूच्या विजेची भुणभुण तो उचलतो, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तीच गुणगुण स्पीकरमधून येत राहते. आता मंडपात काय असतं बघा, लाईटिंगच्या माळा, डिमर, एलईडी, जनरेटर, आणि सगळं एकाच लाईनवर. हंबकरमध्ये दोन वेटोळी उलटसुलट जोडलेली असतात म्हणून एकातली भुणभुण दुसऱ्यातली मारून टाकते, तारेचा आवाज मात्र राहतो. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर नावाच्या इंजिनिअरनं १९५५ मध्ये नेमकी याच त्रासावर ही युक्ती काढली. तेव्हा ब्रिजजवळ एक तरी हंबकर पाहिजे. एक हंबकर आणि दोन सिंगल असं असलं तर सगळ्यात उत्तम, साधी सुरेल साथही होते आणि जोरकस रॉकही. दुकानात याला 'एचएसएस' म्हणतात.

आता नावं. यामाहा पॅसिफिका ०१२ ही एचएसएस आहे, साधा ट्रेमोलो आहे, आणि बनावट भरवशाची. तिची मोठी बहीण ११२, ती नवीन तुमच्या हिशेबात बसणार नाही पण जुनी मिळाली तर डोळे झाकून नाही, डोळे उघडून, पण नक्की घ्या. आयबानेझची जिओ मालिका येते, त्यात जीआरजी१२१डीएक्स नावाची आहे, पक्का ब्रिज आणि दोन हंबकर, पोराला टोकदारपणा पाहिजे ना, तिचा आकार थोडा तसाच आहे, दोघांचंही समाधान होईल. फेंडरच्या स्क्वायर ब्रँडमध्ये सॉनिक मालिका आहे, तिच्यात मस्टँग एचएच म्हणून जी येते ती हार्डटेल, दोन हंबकरची आणि तारेची लांबी २४ इंच, नेहमीच्या साडेपंचवीस इंचापेक्षा कमी, त्यामुळे बोटं लहान असतील तर हाताला हलकी जाते. कॉर्ट ही कोरियन कंपनी दुसऱ्या मोठ्या ब्रँडसाठीही गिटारी बनवते, तिच्या स्वतःच्या नावाच्या गिटारीला लोक उगाच दुय्यम समजतात, समोर आली तर वाजवून बघा. भाव सारखे हलतात म्हणून आकडा लिहून ठेवत नाही, यातल्या काही नवीन बसतील, काही जुन्याच घ्याव्या लागतील.

आणि हो, यामाहा गाडीवालीच. पण वाद्यं आधी, गाड्या नंतर. १८८७ मध्ये जपानात ऑर्गनपासून सुरुवात झाली, म्हंजे आपल्या पेटीच्याच जातीचं पत्तीचं वाद्य, आणि मोटरसायकलची कंपनी निघाली १९५५ ला. त्यांच्या चिन्हात जे तीन काटे दिसतात ते सूर जुळवायचे काटेच आहेत.

पैशाचे वाटे असे करा. गिटारीला पंधरा ते सतरा हजार. पाच-सहा हजार प्रोसेसरला. बाकीचे वायर, पट्टा, जाड बॅग, तारांची दोन पाकिटं आणि सेटअपला, म्हंजे जाणकाराकडून गिटार नीट बसवून घ्यायला. मोठा स्पीकर, म्हंजे अ‍ॅम्प, आत्ता घेऊच नका. मंडळात साउंड त्यांचाच असतो, प्रोसेसरमधून वायर निघाली की सरळ साउंडवाल्याच्या मिक्सरला. प्रोसेसर म्हणजे पायानं दाबायची छोटी पेटी, तिच्यात रॉकचा फाटका आवाज, घुमणारा आवाज, साधा आवाज, सूर जुळवायचा ट्यूनर, ताल सगळं असतं. झूमचा जी१ फोर हा छोटा आहे, चार साध्या पेन्सिल सेलवर चालतो, आपल्याकडं पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही म्हणून ही सोय मोठी आहे. नवा जरा महाग पडला तर वापरलेला बघा, त्यात बिघडण्यासारखं फार नसतं, फक्त पायाची बटणं आणि जॅक तपासा. आणि तुमच्या शेजाऱ्यांचा प्रश्न इथंच सुटला, प्रोसेसरला हेडफोन लावायचा, पोरगं रात्री अकरालाही वाजवत बसलं तरी बाहेर नुसता तारांचा टिकटिक आवाज, तोही त्याच खोलीत. इलेक्ट्रिक गिटार वायर न लावता साध्या गिटारीपेक्षा कितीतरी हळू वाजते, हे बऱ्याच आयांना माहीत नसतं आणि पोरंही सांगत नाहीत.

वायर घेताना तोंड स्क्रूनं उघडणारी घ्या, चिकटवलेल्या प्लॅस्टिकची नको. आत कधी ना कधी तार तुटतेच, उघडता आली तर गावातला रेडिओ-टीव्हीवाला दोन मिनिटांत झाळून देतो. लांबी तीन ते पाच मीटर बास, जास्त लांब वायर म्हणजे जास्त भुणभुण. मिक्सर लांब असेल तर साउंडवाल्याकडून डीआय बॉक्स, म्हंजे लांब वायरीतही आवाज स्वच्छ नेणारी छोटी पेटी, मागायचा, त्यांच्याकडं असतो, मागितल्याशिवाय काढत नाहीत.

आता दुकानात काय करायचं ते नीट सांगतो, कारण एकाच मॉडेलच्या दोन गिटारींत फरक असतो, नाव बघून घेतलेली आणि हातात धरून घेतलेली यात पैसा वसूल होतो तो दुसऱ्यात. पोराला बरोबर न्या, त्याचा प्रोसेसर नसला तर दुकानातल्या अ‍ॅम्पला लावून द्या म्हणावं, नुसती भिंतीवरची काढून दाखवली तर घेऊ नका. पहिल्यांदा मानेच्या, म्हंजे बोटं दाबतो त्या लांब भागाच्या, दोन्ही कडांवरून हात फिरवायचा, तुम्हीच फिरवा ताई, कापडाची कड तपासायची सवय असलेला हात आहे तुमचा. मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची टोकं बोटाला टोचली, खरखरली तर ती गिटार ठेवून द्यायची. मग डोक्याकडून एक डोळा मिटून मानेवरून बघायचं, पिळवटलेली दिसायला नको, किंचित बाक असतो तो चालतो. मग मोबाईलमधला ट्यूनर, फुकट मिळतात, तो चालू करून तार मोकळी वाजवून बरोबर सुरात लावायची आणि त्याच तारेवर बाराव्या पट्टीवर बोट दाबून वाजवायची, तोच सूर वरच्या सप्तकात यायला पाहिजे, काटा दोन्ही वेळी मधोमध. सहाच्या सहा तारांवर हे करायचं. थोडा फरक असला तर ब्रिजवरच्या स्क्रूनं दुरुस्त होतो, त्यानं होतच नसेल तर ती गिटार सोडा. मग प्रत्येक तार प्रत्येक पट्टीवर वाजवून बघायची, कुठं झर्रर्र करत असेल, सूर मध्येच मरत असेल तर विचारायचं. आवाजाचे खटके फिरवायचे, खर्रखर्र आली तर धूळ आहे किंवा खटका गेलाय. वायर खोचलेल्या जागी हळूच हलवून बघायची, आवाज तुटला तर जॅक सैल. शेवटी पोराला म्हणावं दोन-तीन तारा जोरात ओढून वाजव, आणि परत ट्यूनर लावायचा. नव्या तारा थोड्या उतरतात, पण परत लावल्यावर तिसऱ्या वेळीही उतरत असतील तर खुंट्या खराब किंवा नटमध्ये, म्हंजे डोक्याजवळच्या खाचांच्या पट्टीत, तार अडकतेय.

या सगळ्याला अर्धा तास लागतो. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे, पैसे तुमचे आहेत.

बेळगावात दुकानं आहेत पण इलेक्ट्रिकचे नमुने कमी असतात. कोल्हापूर किंवा हुबळी फार लांब नाही, आणि चोर्ला घाट उतरलं की गोवा, तिथं गिटार घराघरात आहे, दुकानंही चांगली आहेत. जायच्या आधी फोन करून विचारा, ते मॉडेल हजर आहे काय. ऑनलाईन घेणार असाल तर परत करायची मुदत बघा आणि खोका उघडताना व्हिडिओ काढा.

जुनी घ्यायचं मनात असेल तर मे-जूनमध्ये बघा. बेळगाव इंजिनिअरिंगच्या पोरांचं गाव, शेवटचं वर्ष संपलं की रूम सोडताना गिटारी विकायला निघतात. गणपतीच्या आधी तेवढा वेळ असला तर तीच वाट चांगली, पंधरा हजारात पंचवीसची गिटार येऊ शकते. जुन्यात पट्ट्या किती झिजल्यात ते बघायचं, तारेखाली खोल खाचा पडल्या असतील तर पट्ट्या बदलायला बराच खर्च येतो. आणि मानेतल्या दांड्याचा, म्हंजे ट्रस रॉडचा नट फिरतो काय ते विकणाऱ्याला जरासं फिरवून दाखवायला सांगायचं, तुम्ही स्वतः फिरवू नका.

घेतल्यावर सेटअप करून घ्या. कारखान्यातून आलेल्या स्वस्त गिटारीत तारा बऱ्याचदा उंच असतात, बोटं दुखतात आणि पोराला वाटतं आपल्यालाच जमत नाही. बाराव्या पट्टीवर तार साधारण दोन मिलीमीटर उंच असली की हाताला बरी लागते. जाणकार माणूस मान, ब्रिज, नट सगळं एकदा बसवून देतो आणि पंधरा हजाराची गिटार वेगळीच वाटायला लागते. मिरजेचे सतार-तंबोरे करणारे कारागीर जवळ आहेत आपल्याला, त्यांच्या हातात जादू आहे, पण हे काम वेगळं, इलेक्ट्रिक गिटारीचा अनुभव असलेलाच शोधा. तारा नऊ नंबरच्या, म्हंजे ९-४२ चा सेट, सुरुवातीला त्याच घाला. सगळ्यात बारीक तार सगळ्यात आधी तुटते, तिच्या दोन सुट्या बॅगेत कायम.

एक गोष्ट आईला सांगायची म्हणून मुद्दाम सांगतो. मंडपातली वीज. अर्थिंग नीट नसेल, गिटारीचं सामान एका लाईनवर आणि माईक दुसऱ्या लाईनवर असेल, तर हात तारांवर आणि ओठ माईकला लागले की शॉक बसतो, कधी झिणझिण्या येतात आणि कधी फार वाईट होतं. गाणं चालू व्हायच्या आधी साउंडवाल्याला सांगून माईकच्या जाळीला आणि गिटारीच्या तारेला टेस्टर लावून बघायचा, पेटला तर वाजवायचं नाही, कुणी कितीही घाई केली तरी. सगळं सामान एकाच बोर्डवर, तीन पिनचा प्लग तीन पिनमध्येच, अर्थिंगची पिन कापायची नाही. माईकला स्पंज घातलेला बरा. पायात चप्पल आहे म्हणून काही होत नाही यावर विसंबू नये. बँडमधल्या चौघांनाही हे सांगा.

तुमच्याकडचा पाऊस. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते, तारा आठवड्यात तांबडतात. वाजवून झालं की कोरड्या सुती कापडानं तारा वरून-खालून पुसायच्या, शिलाईतल्या चिंध्या तुमच्याकडं आहेतच. गिटार भिंतीला टेकवून उभी ठेवायची नाही, बॅगेत घालून पलंगावर किंवा कपाटात, आत सिलिका जेलच्या पुड्या, बुटांच्या खोक्यात येतात त्याच. चुलीच्या खोलीत नको. पावसाळा संपून थंडी सुरू झाली की लाकूड सुकतं, मान थोडी हलते, तेव्हा परत एकदा सेटअपवाल्याला दाखवायची, म्हणजे नोव्हेंबरच्या आसपास.

बारावीच्या अभ्यासाचं तुम्ही विचारलं नाही, मीही बोलत नाही. गिटार बघून झाल्यावर मॉडेलचं नाव आणि दुकानदारानं सांगितलेला भाव लिहून पाठवा, पैसे द्यायच्या आधी.